मागच्या बैठकीचं ओझं

दिवा बारीक कर रे गोरक्ष, आणि मधे कुणी बोलू नका. ही रहेमानची हकीकत. नाशिक रोडच्या अड्ड्यावर त्याचा टांगा माझ्या टांग्याशेजारी लागायचा. परगावचा माणूस गाडीतून उतरला, की रहेमानचं तोंड सुरू. उतरायचं कुठं, कुंडावर कधी जायचं, भजी कुणाची खायची, सगळं न विचारता सांगायचा. त्याचा त्याला भारी अभिमान.

सन चौतीसची आषाढी अमावास्या. पहाटे साडेतीनच्या गाडीनं एक गृहस्थ बायकोला घेऊन उतरला. चंद्रभागा तिचं नाव. त्याला आंघोळीला गर्दी नको होती. रहेमाननं लगेच तपोवनाच्या अलीकडच्या मोडक्या पायऱ्या सुचवल्या.

"भाऊ, पाणी खोल नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही ताई. पोटरीभर."

दोघं खाली उतरली. रहेमान वर थांबला. एक किंकाळी आली. मग दगडाचे घाव... चार. नवरा एकटाच वर आला. "पाय घसरला तिचा," म्हणाला. सदऱ्यावर रक्त होतं. रहेमान गप्प बसला. फौजदार म्हणाला असता, जागा तूच दाखवलीस. त्यानं मला सांगितलं, तेव्हा मीही गप्पच बसलो. त्याची लाज अजून वाटते मला.

पुढच्या साली तीच अमावास्या, तीच गाडी, तोच माणूस. बरोबर नवी बायको. अंगावरची हळदही गेली नव्हती.

"शेठ, रामकुंडावर चला," रहेमान म्हणाला. "आज सगळे तिथंच जातात."

"नको. जागा ठाऊक आहे मला. तूच सांगितली होतीस."

टांगा निघाला आणि घोड्याच्या दोन्ही अंगांच्या दांड्या आपोआप वर गेल्या. मागं वजन जास्त झालं की तसं होतं, घोड्याचा पोटपट्टा आवळतो. रहेमान सवयीनं म्हणाला, "थोडं पुढं सरका." पण नवरा तर पुढंच, त्याच्या शेजारी बसला होता. मागं ती एकटी. मूठभर पोर.

पायऱ्यांपाशी त्यानं लगाम ओढला. काही झालं तरी पोरीला उतरू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या आधीच... दांड्या खाली आल्या.

मागून कुणीतरी उतरलं.

पोर जागेवरच होती.

"मी पाणी बघून येतो," म्हणत नवरा खाली गेला.

मग घाव. एक. दोन.

तीन...

चार.

रहेमान कंदील घेऊन गेला. नवरा पायऱ्यांवर पडलेला. डोकं उरलं नव्हतं. रक्तानं माखलेला दगड शेजारी नीट ठेवलेला. आसपास कुणी नाही.

तो धावत वर आला, टांगा वळवला. दांड्या पुन्हा वर गेल्या.

"भाऊ," पोर मागून म्हणाली, "या ताईंना घोंगडी द्या. भिजल्यात."

स्टेशनावर पोर उतरली. दांड्या तशाच राहिल्या.

त्यानंतर रहेमाननं कुणाला जागा सांगितली नाही. घोडं सोडलं आणि टांगा अड्ड्यामागं टाकला, तो अजून तिथंच आहे. रिकामा टांगा सोडला, की दांड्या जमिनीला टेकतात. याच्या आभाळाकडं आहेत. काल मी आणि अड्ड्यावरचे केरू नि जमील, तिघं त्यांना लोंबकळलो.

खाली येत नाहीत.