बिनमुंडक्याचं वळण

"थांब! थांब! मागं घे!" पवित्रा किंचाळली आणि शेजारच्या धवलच्या हातातला माऊस टेबलावरून खालीच पडला.

भर दुपारी खोलीचे पडदे ओढलेले होते. शाहूपुरीतल्या दुकानांचा गलबला खाली रस्त्यावरच राहिला होता, इथं फक्त कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर शिवाण्णाची गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची ती बुटकी उघडी गाडी, शेवटच्या वळणावर थिजली होती. आणि गाडीच्या अगदी शेजारी एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, हातात पत्रावळ, रुंद खांदे... आणि खांद्यांवर काहीच नव्हतं. डोक्याच्या जागी स्वच्छ निळं आभाळ!

"बिनमुंडक्या!" धाकटा महांतेश उडी मारून पलंगावर चढला. "अमावास्येलाच निघतोय त्यो! गाडी आपटली तवा अमावास्याच होती की!"

 एरवी भावाला एका शब्दात गप्प करणारी पवित्रा आज स्वतःच पलंगाकडं सरकली.

परवा सरावात तिच्या थोरल्या भावानं, शिवाण्णानं, ऐन वळणावर गाडी टायरांच्या ढिगात घातली होती. "बाजूनं कुणीतरी अचानक आलं," असं तो जीव तोडून सांगत होता. पण ट्रॅकचे मॅनेजर हंबीरराव गरजले, "कोण न्हाई अन् काय न्हाई! पोरगं बेफाम हाकतंय!" रविवारच्या शर्यतीतून शिवाण्णाचं नाव कटलं. वडिलांनी, आप्पांनीही फर्मान काढलं, "बास झालं ते रेसिंग. दुकानात बस." तेव्हापासून त्याचं जेवणावरचं मनच उडालं होतं. काल तर तो हळूच म्हणाला, "पवी, मलाच भास झाला असंल गं." आपला आण्णा, आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरच भरवसा उरला नाही! पवित्राला रडूच फुटलं होतं.

सरावाच्या दिवशी पुण्याहून आलेल्या विरूपाक्षमामांनी गाडीवर काठी लावून एक गोळा बसवला होता. त्यात सहा कॅमेरे होते. पाच चहूबाजूंना, सहावा वर आभाळाकडं. सहांची चित्रं कॉम्प्युटर गोधडीच्या तुकड्यांसारखी एकमेकांना शिवतो. मग बघणाऱ्यानं माऊस ओढायचा आणि पळत्या गाडीत बसल्यागत पुढं, मागं, हवं तिकडं बघायचं. मामांनी मात्र नुसतं समोर बघून "कुणी दिसत नाही बुवा," म्हणून हात झटकले होते. मान बाजूला वळवली ती या तिघांनीच!

"भुताला पत्रावळ कशाला लागते रे?" पवित्रानं एकदम विचारलं.

"जेवाय!" महांतेश पांघरुणातून बोलला.

"गप! धवल, गोळा घे. गच्चीवर चल!"

गाडीवर होता तेवढ्याच उंचीवर त्यांनी गोळा उभा केला. या तिघांत धवल ताडमाड. तो गच्चीच्या टोकापासून चालत गोळ्यापर्यंत आला. मग खाली येऊन तिघांनी ते चित्रण लावलं. लांबचा धवल आख्खा होता. जवळ आला, आणखी जवळ आला, आणि गोळ्याला खेटला तसं त्याचं डोकं नाहीसं झालं!

"आयला, माझं मुंडकं!" धवलनं स्वतःची मान चाचपली.

"अरे, ही शिवण आहे शिवण!" पवित्रा ओरडली. "जवळच्या उंच माणसाचं डोकं बाजूच्या आणि वरच्या कॅमेऱ्याच्या जोडावर येतंय. कडा जुळवल्यात त्या लांबच्या वस्तू धरून, म्हणून जवळचं कापलं जातंय. म्हणजे तिथं खरंच माणूस होता. गाडीला खेटून!"

"मग त्याचं मुंडकं गेलं कुठं?" महांतेशनं विचारलं.

पवित्रानं वर बोट केलं. वरचा कॅमेरा! त्याचं शिवणीआधीचं चित्रण कुणी उघडलंच नव्हतं. रिकामं आभाळ कोण कशाला बघेल?

धवलनं ते लावलं. आभाळ. नुसतं आभाळ. एक घार फिरत होती. इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि अचानक आभाळाच्या कडेवरून एक चेहरा आत आला. नुसताच चेहरा! आ वासलेला, डोळे पांढरे झालेले. महांतेशनं किंकाळी फोडली. पवित्रानं मात्र चित्र थांबवलंच.

"हे तर... हंबीरराव!"

संध्याकाळी मामांनी हंबीररावांना घरी बोलावून ते चित्र दाखवलं. बघताच त्यांनी सगळं कबूल केलं.

"त्या वळणावर गाड्या लई घसरत्यात. म्हणून अमावास्येचा दहीभाताचा निवद ठेवाय गेलतो. निवद हातातच, टायरामागनं ट्रॅकच्या कडंला आलो अन् हे म्होरं गाडी!"

"अपघात होऊ नये म्हणून गेलात, आन् अपघात करून आलात व्हय!" धवलला राहवलं नाही.

"व्हय बाबा," हंबीररावांनी मान खाली घातली. "शिवानं पल्याडच्या टायरात घातली म्हणून मी जित्ता हाय. नोकरी जाईल म्हणून गप बसलो. चुकलं माझं. रविवारी त्यो पळणार, उद्या मालकांना मीच सगळं सांगतो!"

मामांनी पवित्राच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पोरांनो! कॅमेरा मी आणला, पण बघायचं कसं ते तुम्ही शिकवलंत."  आप्पांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'रविवारी दुकान बंद' लिहिलं आणि शिवाण्णाच्या हातात ठेवला.

शिवाण्णानं पडद्यावरच्या त्या बिनमुंडक्याकडं बोट केलं.

"दिसला होता मला," तो हळूच म्हणाला. मग स्वयंपाकघराकडं वळून मोठ्यानं ओरडला, "आई, लई भूक लागलीय! दहीभात सोडून कायपण वाढ!"