कोरड्या दिवसांत वाहणारा पाइप

समजा, तुम्ही ओढ्याकाठच्या गार दगडावर पालथे पडला आहात. ऑगस्ट महिना आहे, तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नाही. ओढा आटत आटत एका डोहापुरता उरलाय. त्या डोहात बोटाएवढी सॅमन माशाची पिल्लं असायला हवीत. डोळे बारीक करून बघा बरं. दिसतात?

बारा वर्षांच्या ब्रिनला दिसली. पण पोट वर करून तरंगताना!

"सात!" तिचा धाकटा भाऊ अॅन्सेल ओरडला. "गेल्या शनिवारी पाच होती!"

ही पिल्लं ब्रिनच्या वर्गाने अंड्यांपासून वाढवली होती आणि मे महिन्यात ओढ्यात सोडली होती. आता पाऊस येईपर्यंत त्यांना डोहातून कुठे जाताही येत नव्हतं. आणखी दोन-तीन शनिवार असेच गेले, तर एकही उरणार नव्हतं.

"काल संध्याकाळी सगळी ठणठणीत होती," ब्रिन म्हणाली. "मग शनिवारीच काय होतं?"

तिची मैत्रीण मिरेल नाक फेंदारून हुंगत होती. "लिंबाचा वास येतोय. कुणी सरबत पाजलं की काय यांना?"

"गप गं!"

पण वास खराच होता. ब्रिनने वर पाहिलं. काठावरच्या सिमेंटच्या जाड पाइपातून पाणी ठिबकत होतं आणि खाली फेसाचे पांढरे पुंजके अडकले होते.

"पाऊस नाही. मग पाइपात पाणी कुठून?"

घरातल्या मोरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याकडेच्या लोखंडी जाळ्यांचं मात्र थेट ओढ्यात, जसंच्या तसं. हे बाईंनी वर्गात शिकवलं होतं. म्हणजे वर गावात कुणीतरी जाळीत काहीतरी ओतत होतं.

"मला माहितीय कोण!" अॅन्सेल कुजबुजला. "मिस्टर प्रुइट!"

तिघांनाही ते पटलं. मिस्टर प्रुइट कुणाशी धड बोलत नसत. महिनाभर ते अंगणात निळ्या ताडपत्रीआड काहीतरी खरवडत होते आणि बादल्या भरभरून आत नेत होते. कुणी डोकावलं की खेकसत, "इकडे फिरकू नका!"

"पण पुरावा?" मिरेलने विचारलं.

पुरावा कसा मिळवायचा ते ब्रिनने शोधलं. सोमवारी अॅन्सेल शिट्टी घेऊन पाइपाच्या तोंडाशी बसला. मुलींनी मिस्टर प्रुइटच्या दारासमोरच्या जाळीत बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं. पाइपातून पाणी आलं, की शिट्टी!

एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. शिट्टी नाही.

"काय चाललंय?"

दोघी दचकल्या. मागे मिस्टर प्रुइट उभे, हातात खरवडायचं पातं!

ब्रिनने सगळं खरं सांगून टाकलं. संशयासकट.

"हं. ही जाळी पलीकडे खाडीत उतरते," ते म्हणाले आणि त्यांनी ताडपत्री उचलली. आत जुनी होडी होती. खरवडलेल्या रंगाचा एकूण एक पोपडा खाली अंथरलेल्या दुसऱ्या ताडपत्रीवर पडलेला. "चाळीस वर्षं मासे धरले मी. हे विष पाण्यात सोडेन होय? वाऱ्याने उडू नये म्हणून तर कुणाला जवळ येऊ देत नाही. जा, पुढच्या जाळ्या बघा. आणि सापडलं की मला सांगा!"

दुसरी जाळी, शिट्टी नाही. तिसरी, नाही. चौथी जाळी गावच्या सभागृहाच्या वाहनतळात होती.

फुर्रर्र! फुर्रर्र!

मिरेल आनंदाने उडी मारणार, तोच तिने ब्रिनचा चेहरा पाहिला.

"ब्रिन, शनिवारी इथे तर..."

"आपणच असतो," ब्रिन हळूच म्हणाली.

दर शनिवारी सकाळी त्यांचा सॉफ्टबॉलचा संघ इथे गावकऱ्यांच्या गाड्या धुऊन सहलीसाठी निधी जमवायचा. संघाचे प्रशिक्षक होते ब्रिनचे बाबा. आणि साबण होता लिंबाच्या वासाचा!

बाबा तिचं ऐकून हसले. "अगं, बाटलीवर हिरवं पान छापलंय. निसर्गाला चालणारा साबण आहे तो! आणि जाळीतलं पाणी पुढे साफ होतंच की."

"नाही होत, बाबा!"

"बरं बरं, नंतर बघू."

शनिवारी वाहनतळात बारा गाड्यांची रांग लागली. बाबा कर्ण्यातून ओरडत होते, "पुढे घ्या! पुढे घ्या!" त्यांची पाठ वळताच तिघांनी मिस्टर प्रुइटकडून आणलेली रबरी चटई जाळीवर पसरली आणि कडेने वाळूच्या पिशव्या दाबल्या.

तिसऱ्या गाडीनंतर बाबा एक पाऊल मागे आले. छपाक्! घोट्यापर्यंत पाणी!

"हे काय?"

काळंकरडं पाणी. वर तेलाचे रंगीत तवंग, ब्रेकची काजळी, फेस.

"दर शनिवारी हे ओढ्यात जातं, बाबा," ब्रिन म्हणाली. "आज फक्त थांबलंय."

बाबा त्या पाण्याकडे बघत राहिले. रांगेतल्या एका आजींनी काच खाली केली, "माझ्या गाडीतून एवढं निघालं?"

"सगळ्यांच्याच, आजी!" अॅन्सेल म्हणाला. "कुणी लाजायचं कारण नाही!"

हशा पिकला. बाबांनी कर्णा उचलला. "सगळ्या गाड्या मैदानाच्या गवतावर घ्या! नुसतं पाणी आणि फडकं, साबण बंद! आणि हे तळं बादल्यांनी सभागृहातल्या मोरीत ओता. पहिली बादली माझी!"

"पोरांनो," गर्दीतून पुढे येत मिस्टर प्रुइट खाकरले, "माझ्या होडीवर तुम्हाला कधीही जागा आहे." एवढं लांब वाक्य ते वर्षभरात बोलले नव्हते. बाबांनी मग सगळ्यांसमोर ब्रिनची माफी मागितली आणि म्हणाले, "मी नंतर बघू म्हणालो. ही थांबली नाही, हे फार बरं झालं."

दुपारी तिघं डोहाशी पालथी पडली. एकही पिल्लू तरंगत नव्हतं. सावलीतून एक बाहेर आलं, मग दुसरं, मग झुंडच्या झुंड.

"जिंकलो!" अॅन्सेल नाचायला लागला.

घरी परतताना वळणावर ब्रिन थबकली. रस्त्याच्या कडेने फेसाची बारीक धार जाळीकडे निघाली होती. ती एका अनोळखी घराच्या अंगणातून येत होती.

"चल ना, भूक लागलीय," मिरेल म्हणाली.

ब्रिनने धारेच्या वाटेत आपला बूट आडवा घातला, अॅन्सेलला म्हणाली, "इथे असाच बूट लावून उभा राहा," आणि जाऊन त्या घराची घंटी दाबली.