तीन वर्षांची जागा

माझ्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर तो खुशाल बसला होता.

"ही माझी जागा आहे," मी म्हणाले.

"इथे ऊन येतं. तुम्हाला सावलीतली देतोय… उपकार माना!"

आरोग्य-संशोधन शिकायला निवडलेले आम्ही अकराजण. नऊ डॉक्टर, मी नर्स आणि तो संख्याशास्त्रवाला. उरलेल्या आम्हा दोघांची शिकवणाऱ्या बाईंनी जोडी लावून दिली. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावलेल्या बाळांच्या घरी जाऊन मी माहिती विचारायची, त्याने आकडे मांडायचे.

पहिल्याच घरी मी बाळाचं जन्माचं वजन विचारलं. आई म्हणाली, "कुणी केलंच नाही हो…" मी बाहेर येऊन पायरीवर बसले. तो आत गेला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तासभर एक अक्षर न लिहिता तिचं ऐकत राहिला.

त्या दिवसापासून माझं काही खरं नव्हतं.

"चहा घेणार?" तो रोज विचारायचा.

"तुमच्या गणितात बसत असेल तर."

"तुम्ही कुठल्याच गणितात बसत नाही… तीच तर अडचण आहे!"

मी वहीत डोकं खुपसायची. कान मात्र तापलेले असायचे.

दोन वर्षांनी परदेशी विद्यापीठात एक जागा निघाली. तीन वर्षांची. निवड माझी झाली. त्याने अर्जच केला नव्हता. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना कूस बदलून द्यायलाही तोच लागायचा.

"मी नाही जात," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता. "आजवर एका तरी नर्सला संशोधक म्हटलंय कुणी? तू गेलीस, तर मागच्यांना वाट होईल."

"आणि तुम्ही… थांबाल?"

तो खिडकीकडे वळला. "नाही," म्हणाला. "माझ्यासाठी धावत परत यायचं नाही. मी थांबणार नाही."

मी गेले. रागाने एक फोन केला नाही, एक पत्र लिहिलं नाही.

परतले तेव्हा त्याचे वडील गेले होते, आणि त्याच्या लग्नाला सहा महिने झाले होते. त्याच्या बायकोने आग्रहाने जेवायला बोलावलं. हसरी, मोकळी मुलगी. "तुमच्याबद्दल हे किती सांगतात, ताई!" म्हणत तिने मला पोटभर वाढलं.

ती आत भांडी आवरत होती. तो मला दारापर्यंत सोडायला आला.

"तेव्हा खोटं बोललो मी," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं थांबलो होतो… तुमच्या एका ओळीसाठी."

मी वाकून सँडल घालत होते. पट्टा काही केल्या लागेना.