आता यायची गरज नाही

"तुमच्या वेबसाइटनं मला आत्ता जुगार खेळायला बोलावलंय," तो दारातूनच म्हणाला.

माऊ लोकरीच्या लड्या फळीवर लावत होती. वळून पाहिलं तर एक उंच तरुण, चष्म्यावर धुकं साचलेलं, हातात मोबाइल, आणि चेहरा इतका गंभीर, की हसावं की घाबरावं कळेना.

"आम्ही लोकर विकतो," ती म्हणाली.

"तीच घ्यायला निघालो होतो, बहिणीसाठी. पत्ता बघायला तुमची साइट उघडली, तर... हे बघा ना."

मोबाइलवर खरंच पत्ते आणि नाणी नाचत होती. दुकानाचं नाव कुठेच नव्हतं. गल्ल्यामागून मावशीनं मान लांब करून पाहिलं आणि "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. दुकान मावशीचं. आई गेल्यावर माऊ तिच्याकडेच वाढली, आणि मावशीला बारीक टाके दिसेनासे झाले तेव्हापासून दुकानही माऊच पाहायची. वेबसाइट ओळखीतल्या कुणीतरी कधीकाळी करून दिली होती. पुढे तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"पासवर्ड काय आहे?" त्यानं विचारलं, आणि माऊ तोंड उघडणार तोच घाईघाईनं म्हणाला, "नको, नको, सांगू नका! दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन?"

माऊच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"चोरालाही असंच कळलं."

तो वेबसाइटी दुरुस्त करणाराच निघाला. बहिणीची लोकर राहिली बाजूला, आणि स्वारी माऊच्या शेजारी स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसली.

"तुमची साइट ज्यावर चालते, ते सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही," तो सांगू लागला. "जगभरची माणसं मिळून लिहितात. थोडं मीही लिहितो. कुठे भोक सापडलं की बुजवतात आणि नवी आवृत्ती सगळ्यांना फुकट देतात. म्हणजे नवं दार तुमच्या अंगणात कधीचं येऊन पडलंय. तुम्ही ते बसवलंच नाहीत."

"म्हणजे चूक आमचीच?"

"चूक चोराची. तुम्ही फक्त त्याला चहा पाजलात."

माऊ हसली. तो मात्र हसता हसता मध्येच थांबला, तिच्याकडे बघतच राहिला... आणि मग एकदम स्क्रीनकडे वळला.

दुरुस्ती एका बैठकीत आटपली नाही. अनोळखी खाती काढून टाकायची होती, घुसवलेल्या फायली शोधायच्या होत्या, प्लगइन्स नावाची, साइटला वरून जोडलेली बिनकामाची सॉफ्टवेअरं उपटायची होती. तो येत राहिला. माऊ त्याला 'वैद्यबुवा' म्हणू लागली, तो तिला 'मालकीणबाई'. नवा पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा तो पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"लांबलचक ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द."

"ठेवला. ओळखा बरं?"

"ओळखला तर बदलावा लागेल."

"आणि नाही ओळखला तर?"

तो वळला. "तर... मला रोज प्रयत्न करायला यावं लागेल."

मावशी उगीचच मोठ्यानं खोकली.

साइट सुधारली, तशी ती वाढवायची कल्पनाही त्याचीच. "गिऱ्हाइकांना रोज तोंडी जे सांगता, तेच लिहा," तो म्हणाला. मग माऊनं सुटलेला टाका कसा उचलायचा ते लिहिलं, बाहीची गोलाई का बिघडते ते लिहिलं. फोटो त्यानं काढले. फोटोत सुयाच हव्या होत्या, तरी कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्या बोटांवर रेंगाळायचा. हळूहळू दूरदूरची माणसं ती पानं शोधत येऊ लागली, ऑर्डरी येऊ लागल्या. पहिली परगावची ऑर्डर वाजली तेव्हा दोघांनी एकदम टाळीसाठी हात पुढे केले, आणि टाळी दिल्यावर हात मागे घ्यायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

बोललं मात्र कुणीच नाही. त्याला वाटायचं, ही कामापुरतं गोड बोलते. तिला वाटायचं, हा कामापुरता येतो. काम नसतानाही तो येईल का, हे तिला एकदा बघायचं होतं. म्हणून ती झपाटल्यासारखी शिकू लागली. बॅकअप कसा घ्यायचा, साइटची नक्कल करून तिच्यावर आधी बदल कसे तपासायचे, सगळं. तोही जीव ओतून शिकवायचा, आणि प्रत्येक धड्यागणिक जरा गप्प होत जायचा.

सॉफ्टवेअरची मोठी नवी आवृत्ती आली. माऊनं ती एकटीनं बसवली. काही बिघडलं नाही, एक पानसुद्धा हललं नाही. आनंदानं तिनं फोन लावला.

"वैद्यबुवा, झालं! सगळं मीच केलं. आता तुम्हाला यायची गरज नाही!"

पुढचं वाक्य तिनं सकाळपासून घोकलं होतं. आता नुसतेच या, माझ्यासाठी. पण तेवढ्यात दोन बायका दुकानात शिरल्या, मावशीनं हाक मारली आणि ते वाक्य राहूनच गेलं.

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"वा... शाब्बास, मालकीणबाई," तो म्हणाला. "ठेवतो."

आणि तो आला नाही.

ती वाट पाहत राहिली. पुन्हा फोन करावा, तर मनात यायचं, यायचं असतं तर आला नसता का? मग एके दुपारी त्याचा मेसेज आला. दूरच्या शहरात, याच सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कंपनीत, त्याला नोकरी मिळाली होती. माऊनं खूप काही लिहिलं. सगळं पुसलं. शेवटी 'अभिनंदन!' एवढंच पाठवलं.

तो हिवाळा सरला. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि तो आत आला. सोबत गालाला खळी पडणारी एक हसरी मुलगी होती.

"ही माझी होणारी बायको," त्यानं सांगितलं.

खळीवालीनं लगेच माऊचे हात हातात घेतले. "तुमच्या साइटवरूनच मी विणायला शिकले! पण याचा स्वेटर मला जमणार नाही, तो तुम्हीच विणा. माप घेता? तोवर मी रंग बघते." मावशी तिला खिडकीजवळच्या फळीकडे घेऊन गेली.

माऊनं टेप घेतली. इतक्या जवळ ती कधीच उभी राहिली नव्हती. त्यानं हात वर केले. टेप पाठीमागून पुढे आणताना त्याचा श्वास तिच्या केसांना लागला.

"साइट बघतो मी अधूनमधून," तो हळू आवाजात म्हणाला. "छान ठेवलीत."

"मग आला का नाहीत कधी?"

"तुम्हीच म्हणालात ना, आता यायची गरज नाही."

माऊचे हात थांबले. "वाक्य अर्धं राहिलं होतं माझं. नुसतेच या, असं म्हणायचं होतं... कामाशिवाय. गिऱ्हाईक आलं."

फळीजवळून खळीवालीचं हसू ऐकू आलं. मावशी तिला निळा रंग दाखवत होती.

"मी रोज फोन हातात घेऊन बसायचो," शेवटी तो म्हणाला.

"मी पण."

"फार चांगली आहे ती," तो म्हणाला.

"दिसतंय. तिला कधी काही अर्धं ऐकवू नकोस." इतके दिवस तो तिच्यासाठी 'तुम्ही' होता. हा 'तू' आपोआप आला.

"माऊ, छाती किती गं?" गल्ल्याजवळ येऊन मावशीनं पेन उचललं.

माऊनं खाली पाहिलं. टेप कधीच हातातून सैल झाली होती. आकडा तिनं पाहिलाच नव्हता.

"थांब मावशी," ती म्हणाली, "पुन्हा घेते."

त्यानं पुन्हा हात वर केले.