डाव्या बाजूची सीट

हे जे सांगून राह्यली ते माझ्यासंग घडलं आहे. कोणाच्या मावशीसंग नाही, कोणाच्या मित्रासंग नाही. ज्याले खोटं वाटते त्यानं महागावजवळ आमच्या तांड्यावर यावं. गाडी दारातच उभी आहे. दार उघडून बसून पाहावं.

डाव्या बाजूले.

अन् ही रात्रीची गोष्ट नाही. मागच्या वर्षीचा वैशाख, भर दुपार, राळेगावचा रस्ता. डांबर चपलीले चिकटून राह्यलं होतं. भुतं फक्त रात्री येतात हे कोणी ठरवलं कोण जाणे.

माझं नाव राखी. तांड्यावर माझी पिठाची चक्की आहे. नवरा राजकुमार, त्याचा धंदा घोडीचा. लग्नात नवरदेव ज्या घोडीवर बसते ती आमची. तिचं नाव रेशमा.

हो, घोडीचं नाव रेशमा. लग्न होऊन घरात आली त्याच संध्याकाळी नवरा मले म्हणे, रेशमाले पाहून येतो जरा. तवापासून मी तिच्यावर जळते. तिच्या आयाळीले तेल, तिले हातानं गूळ, तिच्या गळ्यात घुंगरं. मले कधी हातानं गूळ भरवला नाही. माझा स्वभावच तसा आहे, खोटं कायले बोलू. माझ्या माणसानं कोणाकडं दोनदा पाहिलं की माझ्या पोटात आग पडते, मग समोर घोडी का असेना.

आधी गाडी नव्हती. राजकुमार घोडी चालवत न्यायचा, म्हणून जवळचीच लग्नं मिळायची. मग कळलं की वणीकडं घनश्याम नावाच्या घोडीवाल्यापाशी पिकअप आहे, मागं घोडीसाठी बॉडी बांधलेला. जुना आहे, पण विकायचा आहे. आम्ही दोघं पाहायले गेलो.

मी गेली त्याचं कारण होतं. माझे बापू हिरासिंग वणीले कोळशाच्या ट्रका दुरुस्त करत. माझं लहानपण ग्रीसमध्ये गेलं. नवऱ्याले दात पाहून घोडीचं वय सांगता येते. गाडीचं वय मले सांगता येते.

बापू म्हणत, मीटर पाहू नको, मीटर कोणीबी मागं नेते. जिथं माणसाचं अंग लागते ते पाह. ब्रेकच्या पायडलचं रबर, गिअरची मूठ, स्टेअरिंग, सीट, दाराचे बिजागर. माणूस खोटं बोलते, घासलेलं रबर बोलत नाही.

मीटरवर साठ हजार होतं. रबर पाहिलं, मूठ पाहिली, स्टेअरिंगवर हात फिरवला. बरोबर जुळत होतं. मागं बॉडीत चढली. टापांनी फळ्या घासल्या होत्या, पण बेतानंच. घोडीचं मूत मुरून खालचा पत्रा गंजते, म्हणून तो ठोकून पाहिला. आवाज पक्का होता. बॉडी अन् केबिनच्या मधात हातभर सरकती काच होती, चालवताना घोडीवर नजर ठेवायले. काचेची कडी केबिनच्या आतून.

मग मी डाव्या बाजूचं दार उघडलं...

अन् तिथंच थांबली.

सीटचं रेग्झिन फाटलं होतं, खालचा फोम पिवळा पडून दबला होता. मधात खोल खड्डा. पायाखालचं मॅट दोन जागी आरपार गेलं होतं, बरोबर टाचांच्या जागी. दाराच्या मुठीचा रंग उडून लोखंड चमकत होतं. उन्हासाठी जी झडपी खाली करतात तिच्यावर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. एकावर एक, बोट ठेवायले जागा नाही.

ड्रायव्हरची बाजू सांगत होती गाडी साठ हजार चालली.

डावी बाजू सांगत होती तीन लाख.

एकाच गाडीत असं कसं होईल? गाडी उभी असतानाबी कोणी तिथं बसून राह्यलं असेल तवाच होईल.

मी घनश्यामले विचारलं, बाजूले कोण बसे? तो म्हणे, बायको. हरेक लग्नाले यायची, एकदाबी चुकली नाही. मले तिचा हेवा वाटला. असाबी नवरा राहते, जो बायकोले संग नेते.

सौदा झाला. निघायच्या वेळी घनश्याम डाव्या खिडकीपाशी गेला. आत डोकं घालून रिकाम्या केबिनमध्ये काहीतरी हळूच बोलला. वळला तवा डोळे भरलेले होते. राजकुमार म्हणे, गाडीवर जीव असते माणसाचा.

त्याची बायको पंचफुला दारात उभी राहून ते पाहत होती. तिची नजर मी लगेच ओळखली. तशी नजर मी आरशात पाहते. मग ती माझ्याजवळ आली, माझं मनगट धरलं.

"बाई, याच्या बाजूले तू बसत जा. जागा रिकामी ठेवू नको."

मले राग आला. माझ्या नवऱ्याची हिले कायले काळजी? मी मुद्दाम वणीलेच बापूकडं राह्यली. राजकुमार एकटा गाडी घेऊन तांड्यावर आला.

म्हणजे मले वाटलं, एकटा.

लग्नसराई लागली. गाडीमुळं दूरदूरची लग्नं मिळू लागली. लग्नसराईत चक्कीलेबी गर्दी राहते, मी घर सोडू शकत नव्हती. नवरा सकाळी जाये, दिवेलागणीले येये.

अन् घरी आला की गप्प.

आधी असा नव्हता. आधी नवरदेव कसा पडता पडता वाचला, कोण रुसलं, सगळं सांगायचा. आता मी विचारलं की म्हणे, "सांगितलं ना तुले." कधी सांगितलं? कोणाले सांगितलं? मी चिडली की तो माझ्याकडं पाहत राहे, जशी मीच येडी झाली.

झडपीवरच्या टिकल्या मी वणीहून परतली त्याच दिवशी नखानं खरवडून काढल्या होत्या. आठ दिवसांनी गाडी धुवायले गेली, तं झडपीवर एक टिकली...

मरून, मधात खडा. माझ्यासारखीच.

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे कोणी बाई बसवते, अन् माझ्याच पाकिटातली काढून देते काय तिले?

मग एक दिवस बँडवाला बबलू गहू दळायले आला. चांगला माणूस, लग्नात राजकुमारसंगच राहते. पीठ भरता भरता म्हणे, "वहिनी, लग्नाले येता तं जेवायले उतरत जा ना. गाडीतच काहून बसून राहता, पदर घेऊन?"

मी एकाबी लग्नाले गेली नव्हती.

बबलूले काही बोलली नाही. नवऱ्यालेबी नाही. विचारलं असतं तं त्यानं खोटंच सांगितलं असतं. मले ती बाई हातात पाहिजे होती. माझा संसार माझ्या डोळ्यांदेखत कोणी घेऊन जाते अन् मी पीठ दळत बसते, असं होणार नव्हतं.

राळेगावचं लग्न होतं. राजकुमारनं रेशमाले गाडीत चढवलं अन् कपडे बदलायले घरात गेला. तेवढ्यात मी मागून चढली, पुढच्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं बसली. तो आला, फळी लावली अन् गाडी सुरू केली.

घोडीनं माझा वास घेतला, पण फुरफुरली नाही. ती उजव्या बाजूले अंग चिकटवून उभी होती. डावीकडची अर्धी बॉडी रिकामी, तरी तिकडं पाय ठेवत नव्हती. कान मात्र काचेकडं.

मी पेंढ्यांमागून उघड्या काचेतून पाहिलं. उजवीकडं नवऱ्याचं डोकं. डावीकडं कोणी नाही.

जीव जरा खाली पडला. मग वाटलं, रस्त्यात बसवत असेल. मी वाट पाहत राह्यली. आर्णी गेली, यवतमाळ गेलं. गाडी कुठं थांबली नाही. आत भट्टी तापली होती, घामानं पदर ओला झालता.

यवतमाळच्या पुढं तो बोलायले लागला...

आधी वाटलं फोन आहे. फोन समोर पडला होता, बंद. तो डावीकडं मान वळवून बोलत होता, हसत होता. आई वारली तवा तो तबेल्यात जाऊन रेशमाच्या मानेत तोंड खुपसून रडला, कोणाले दिसू नये म्हणून. हे सांगत होता. मले त्यानं हे कधीच सांगितलं नाही. मी त्याची बायको, अन् मले हे फळ्यांच्या मागून ऐकायले मिळालं.

मग तो थांबला. जसा कोणाचं ऐकून राह्यला. मान हलवली.

गाडी वळली, ऊन डावीकडून आलं.

अन् डाव्या बाजूची झडपी... हळूच खाली आली.

त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

मी सीटकडं पाहिलं. फोमचा खड्डा दबला होता, खाली टेकला होता. माझ्या बाजूले घोडीनं श्वास रोखला. तिचं पोट हलेना. त्या जागी मले पहिल्यांदा रेशमाचा राग आला नाही. मी तिचा पाय धरला.

रस्त्याच्या कडेले एका लिंबाखाली गाडी थांबली. राजकुमार बादली घेऊन हातपंपाकडं गेला. फळीच्या फटीतून मले त्याची पाठ दिसत होती. तो दूर होता.

केबिन रिकामी होती.

मग बांगड्या वाजल्या...

काचेच्या पलीकडं. अगदी जवळ.

अन् सरकती काच सरकायले लागली. घाई नाही, हिसका नाही. आपण पाहुणे गेल्यावर खिडकी लावतो तशी. काच बंद झाली अन् कडी लागली.

आतून.

मी ओरडली. फळ्यांवर लाथा मारल्या. घोडी उधळली. राजकुमार धावत आला, फळी पाडली. माझ्याकडं पाहिलं, केबिनकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. त्याच्या हातातली बादली खाली पडली.

"मागं कधी गेलीस तू?" तो म्हणे. "आता तं बाजूले होतीस."

मी विचारलं, कोण होती बाजूले? तो म्हणे, तू. गाडी आणली त्या दिवसापासून तूच तं येतेस, वणीपासून. मग अगदी भोळेपणानं म्हणे, "गाडीत तू लय गोड राहतेस, राखी. घरी आली की काहून तोंड फुगवतेस, मले समजतच नव्हतं."

लोक विचारतात, भीती नाही वाटली? वाटली, पण नंतर. आधी मी जळली. ज्या गोष्टी माझ्या होत्या त्या कोणीतरी माझं तोंड लावून ऐकून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पंचफुलाले फोन केला.

"मी त्या गाडीत एकदाबी बसली नाही," ती म्हणे. "तो म्हणे, बसलीस. घरी आला की त्याच्यापाशी मले सांगायले काही उरे नाही. म्हणून विकायले लावली."

मी विचारलं, मग आता ठीक आहे ना? ती म्हणे, आता तो बोलतच नाही. ओट्यावर बसते अन् रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांकडं पाहते. आधी गाडी कोणाची होती विचारलं, तं म्हणे, आम्हीबी जुनीच घेतलती. विकणाऱ्याच्या बायकोनं माझंबी मनगट धरून तेच सांगितलं होतं.

म्हणून मी गाडी विकली नाही. विकली अन् माझा नवराबी तसा ओट्यावर बसला तं?

चक्की जावेले दिली. आता हरेक लग्नाले मी जाते, डाव्या बाजूले बसते. सीट बदलली, मॅट बदललं. झडपीवर माझ्या टिकल्या लावल्या. गोड बोलायलेबी शिकली, मोठ्या कष्टानं. राजकुमार पुन्हा सांगते, हसते. वर्षभर सगळं बरं चाललं होतं. फक्त रेशमा अजून उजव्या बाजूलेच चिकटून उभी राहते.

परवा मले ताप आला. उठताच येईना. तो म्हणे, झोप तू, मी जाऊन येतो. मी नको नको म्हणत होती, पण डोळा लागला.

दिवेलागणीले तो आला. माझ्या कपाळावर हात ठेवला अन्, सकाळी मले झोपवून गेलता हे विसरल्यासारखा, म्हणे...

"आज रस्ताभर एक शब्द बोलली नाहीस. खिडकीकडं तोंड करून बसली होतीस. रुसलीस काय माझ्यावर?"

मी म्हटलं, नाही, डोकं दुखत होतं.

तो जेवायले बसला तवा मी भिंत धरून बाहेर गेली, गाडीचं डावं दार उघडलं. झडपी खाली होती. माझी एकबी टिकली राह्यली नव्हती. सगळ्या कोणीतरी खरवडून काढल्या होत्या.

नखानं.

ती त्याच्यावर रुसली नाही. ती माझ्यावर जळते, अन् जळणारी बाई काय करते ते मले कोणी सांगायची गरज नाही.

उद्या पुसदले लग्न आहे. ताप अजून उतरला नाही. पण मी जाणार आहे, अन् तिच्या आधी डाव्या बाजूले जाऊन बसणार आहे.