मधली जागा

सकाळचे नऊ वाजले होते, पण धुकं इतकं दाट की पहिला ट्रक चालवणाऱ्या दाजींना चार हातांपलीकडचा रस्ता दिसेना. वर भुरभुर पाऊस. त्यांच्या मागे दोन ट्रक होते, बिनतारी संदेशांनी एकमेकांना जोडलेले. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचे त्याच क्षणी आपोआप थांबणार, म्हणून मधलं अंतर जेमतेम बारा मीटर. मधल्या ट्रकमध्ये माणूसच नव्हता. शेवटच्यात नजर ठेवायला बसला होता मेहुणा, दाजींच्या बायकोचा एकुलता एक भाऊ. ही नोकरी दाजींनीच त्याच्या गळ्यात मारलेली. त्याला काही झालं असतं तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

समोरच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. तरी प्रत्येक वळणानंतर दाजी वॉकीटॉकीवर विचारत, "शेपूट?" मेहुण्याचं "आलं" ऐकल्याशिवाय ते वेग वाढवत नसत. यंत्र यंत्राच्या जागी, माणसाचा आवाज तो आवाज.

उतार लागला. "शेपूट?"

"आलं... पण दाजी, माझी गाडी मागे मागे राहतेय. मध्ये कोणी घुसलं की जागा सोडते ना, तशी."

"घुसलंय का कोणी?"

"काचेतून तर रिकामा रस्ता दिसतोय..." त्याचा आवाज खाली आला. "पडदा म्हणतो, माझ्या पुढे तीन गाड्या आहेत."

अंतर मिटवायचं बटण त्यांच्याच हाताशी होतं. त्यांनी बोट ठेवलं, पण दाबवेना.

"दाबा ना, दाजी... इथे डिझेलचा वास येतोय."

त्यांच्या तिन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या.

तेवढ्यात धुक्यातून कोसळलेली दरड समोर आली आणि दाजींनी जीव खाऊन ब्रेक दाबला. मागे चाकं किंचाळली. दाजी वॉकीटॉकीवर ओरडले,

"अरे, बोल की!"

"थांबलो... दाजी, तुमचा संदेश माझ्यापर्यंत आलाच नाही. इथे लिहिलंय, ब्रेक माझ्या पुढच्या तिसऱ्या गाडीने सांगितला."

दाजी धावत मागे गेले. मेहुणा धडधाकट उतरला, तेव्हा त्यांनी त्याला एक शिवी हासडली आणि घट्ट मिठी मारली.

मेहुण्याच्या ट्रकपुढे एका ट्रकएवढी जागा मोकळी होती. तो तिथून चालायला लागला, तसा दाजींनी त्याचा दंड धरला.

"कडेने चल," ते कुजबुजले.

सगळा रस्ता चिंब होता. तेवढ्या जागेत डांबर कोरडं होतं. पाऊस पडतच होता, पण तिथे एकही थेंब पोचत नव्हता.