आरशासमोरचं चित्र

सरका जरा आत. भुताची गोष्ट हवी म्हणता ना? मग मध्ये हसायचं नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस अजून जिवंत आहे आणि माझे केस तोच कापतो. आता कापण्याजोगं उरलंय काय, असं विचारू नका, वात्रटांनो.

सलूनवाले नाना. एकुलता एक मुलगा, ऐन विशीतला, गाडीसकट पुलावरून नदीत गेला. मोबाईलही त्याच्याबरोबरच गेला आणि मोठेपणीचे सगळे फोटो त्यातच. घरात उरला तो शाळेतला एक. म्हणून नाना एका चित्रकाराकडे गेले. म्हणाले, "माझ्या मुलाचं चित्र काढून द्या. भिंतीवर लावायचंय. नुसती भिंत बघवत नाही."

चित्रकार भला माणूस. घरी येऊन बसायचा. नवराबायको सांगतील तसं काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. नाक जमलं, हनुवटी जमली. मग आली भुवईवरची खूण, मुलगा सायकलवरून पडला होता तेव्हाची; शाळेतला फोटो त्याआधीचा, त्यात ती नव्हती. नानांनी कागदावर बोट ठेवलं, "इथं."

बायको म्हणाली, "अहो, तिथं नाही. दुसऱ्या भुवईवर. भांगसुद्धा तिकडूनच पाडायचा."

नाना उसळले. "त्याचे केस जन्मभर मी कापले आणि तू मला शिकवतेस?"

चित्रकारानं नानांचं ऐकलं.

चित्र पुरं झालं. बायकोनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "कुणाचं का असेना, माझ्या लेकराचं नाही हे." नानांनी चित्र उचललं, दुकानात नेलं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलं, आरशाच्या बरोबर समोर.

मार्च अखेरची, मंगळवारची रात्र. बाहेर टिपूर चांदणं. साडेनऊला शेवटचं गिऱ्हाईक गेलं. नाना केर काढत होते, तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. डबा ठेवता ठेवता तिची नजर आरशात गेली.

"अगं बाई... हाच! हाच माझा बाळ!"

नानांनी वळून चित्र पाहिलं. मग आरसा पाहिला. आरशात खूण दुसऱ्या भुवईवर होती.

बायको रडत घरी गेली. नाना तिथंच बसले. हळूहळू डोक्यात उजेड पडला. घरी बापलेकाचं बोलणं नव्हतंच; जेवताना ताटावरून मान वर करायची नाही, ही दोघांचीही रीत. महिन्यातून एकदा पोरगा खुर्चीत बसायचा आणि बाप मागे उभा राहायचा. जे काय पाहिलं, ते आरशात, उलटं. पोटच्या पोराचा चेहरा आपण समोरून कधी पाहिलाच नाही... शेवटच्या खेपेला तो म्हणाला होता, "बाबा, एकदा माझ्याकडे बघून बोला ना." आणि नाना म्हणाले होते, "बघतोय की आरशात. मान हलवू नकोस."

आठवलं, आणि नाना ढसाढसा रडले. शटर अर्धं ओढलं. दिवा मालवला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, रोजच्यासारखे.

आणि खुर्ची... दबली.

वारा नाही. आवाज नाही. आरशात नुसता अंधार.

कुणीतरी बसलंय. श्वास ऐकू येतोय. ओल्या कपड्यांचा वास येतोय...

पळावंसं वाटलं. पण पळायचं तरी कुणापासून?

"बाळा..." नाना म्हणाले. "वळ रे. इकडे वळ... बघू दे मला."

मग खुर्ची वळली. सावकाश...

पुढचं नाना सांगत नाहीत. मी एकदा विचारलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी बायको शोधत आली. शटर अर्धंच होतं. खुर्चीची आरशाकडे पाठ, आणि खुर्चीसमोर जमिनीवर नाना बसलेले, मान वर करून. रात्री केर तिच्यासमोर काढला होता. तरी खुर्चीभोवती केस पडले होते. ताजे कापलेले. काळेभोर.

कुणाचे, ते तिनं विचारलं नाही. खाली बसली आणि ओंजळीत गोळा करू लागली.

ओले होते.